अमेरिकेतील पुनर्रचना कालखंड व महाराष्ट्र

पुनर्रचना कालखंड : (१८६५–७७). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यादवी युद्ध (१८६१–६५) संपल्यानंतर दक्षिणेतील बंडखोर राज्यांना संघराज्यात परत घेणे आणि सुमारे ४० लक्ष मुक्त गुलामांना नागरिक म्हणून स्थान देणे, हे दोन प्रश्न सोडविण्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांच्या काळास ही संज्ञा देतात. या काळात कृष्णवर्णीयांना कायद्याने समता मिळाली. तथापि जमीन, पत आणि संरक्षण यांचा आधार नसल्याने ती टिकली नाही. महाराष्ट्रातील समतेच्या चळवळीने या घटनांची दोनदा दखल घेतली. महात्मा जोतीराव फुले यांना त्यांत आशा दिसली, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना इशारा दिसला.

घटनाक्रम : तेराव्या घटनादुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी नष्ट झाली. परंतु राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॉन्सन यांच्या सौम्य धोरणाचा लाभ घेऊन दक्षिणेतील राज्यांनी मुक्त गुलामांच्या हालचालींवर व मजुरीवर निर्बंध घालणारे कायदे केले. तेव्हा काँग्रेसने जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून १८६६ चा नागरी हक्क अधिनियम संमत केला आणि १८६७ मध्ये दहा राज्यांची पाच लष्करी विभागांत विभागणी केली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण दिले, तर पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. राज्यांच्या विधिमंडळांत कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून आले. १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सीनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. दक्षिणेत सार्वजनिक शिक्षणाचा पाया याच काळात घातला गेला.

यास गोऱ्यांच्या मोठ्या वर्गाने कडवा विरोध केला. कू क्लक्स क्लॅनसारख्या गुप्त संघटनांनी कृष्णवर्णीय मतदारांवर दहशत बसविली. १८७३ च्या आर्थिक मंदीनंतर उत्तरेतील लोकमतही उदासीन होत गेले. १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर झालेल्या तडजोडीने १८७७ मध्ये दक्षिणी राज्यांच्या सरकारांना असलेला लष्कराचा आधार काढून घेण्यात आला आणि हा कालखंड संपला.

अहमदनगर व अमेरिकन मिशन : अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे केंद्र स्थापिले. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये तेथेच निघाले. मिस सिंथिया फॅरार यांच्या तेथील मुलींच्या शाळा पाहून फुल्यांना स्त्रीशिक्षणाच्या कार्याची प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. हे मिशन चालविणाऱ्या बोस्टनच्या मंडळाची गुलामगिरीविषयीची भूमिका मात्र बोटचेपी होती. त्यामुळे असंतुष्ट झालेल्या गुलामगिरीविरोधकांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था स्थापन केली. युद्धोत्तर काळात दक्षिणेतील मुक्त गुलामांसाठी शाळा व महाविद्यालये काढण्यात ती अग्रेसर राहिली. अशा रीतीने एकाच धार्मिक परंपरेतील शिक्षक अहमदनगरात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत काम करीत होते.

गुलामगिरी (१८७३) : फुल्यांनी आपला हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल आदर व्यक्त करून, आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचे अनुकरण करावे, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेत प्रकट केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. मात्र ज्या मुक्तीचा येथे गौरव झाला, ती तेव्हाच संकटात सापडली होती. १८७३ च्या एप्रिलमध्येच लुइझिआनातील कोलफॅक्स येथे अनेक कृष्णवर्णीयांची हत्या झाली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका निवाड्यात चौदाव्या दुरुस्तीचा संकुचित अर्थ लावला. म्हणून ही अर्पणपत्रिका अमेरिकेतील वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून नव्हे, तर येथील वाचकांपुढे ठेवलेला आदर्श म्हणून वाचणे उचित ठरते.

कर्ज व स्वातंत्र्य : युद्धकाळात अमेरिकन कापसाचा पुरवठा खंडित झाल्याने मुंबई इलाख्यात कापसाचे भाव चढले आणि कर्ज सुलभ झाले. युद्ध संपताच भाव कोसळले व सावकारांनी हात आखडता घेतला. वाढीव शेतसाऱ्याचीही त्यात भर पडली. परिणामी १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे उद्‌भवले. पारनेर व श्रीगोंदे भागांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. अमेरिकेच्या दक्षिणेत मुक्त गुलामांना युद्धाच्या अखेरीस काही ठिकाणी देण्यात आलेली जमीन जॉन्सन यांनी बव्हंशी मूळ मालकांना परत केली. भूमिहीन कुटुंबे वाट्याने शेती करू लागली आणि पिकावर काढलेल्या कर्जात अडकली. दख्खनचा कुणबी गुलाम नव्हता आणि त्याची जमीनही नावावर होती. म्हणून ही तुलना मर्यादित आहे. तरीही कायद्याने स्वतंत्र असलेला मनुष्य ऋणामुळे कसा पराधीन होतो, हे दोन्ही ठिकाणी दिसून आले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने येथे काही प्रमाणात संरक्षण दिले.

आंबेडकरांचा निष्कर्ष : अमेरिकन काँग्रेसने १ मार्च १८७५ च्या नागरी हक्क अधिनियमान्वये खाणावळी, नाट्यगृहे व वाहने सर्वांना खुली केली होती. परंतु चौदावी दुरुस्ती राज्यशासनाला बंधनकारक आहे, खाजगी व्यक्तींना नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये त्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. १८९६ च्या प्लेसी खटल्याने वर्णविभक्ततेस न्यायालयीन मान्यता मिळाली. कोलंबिया विद्यापीठात (१९१३–१६) शिकलेल्या आंबेडकरांना कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा परिचय होता. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते व पुनर्रचना कालखंडाचे इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९४७ च्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात त्यांनी समान वागणुकीचे कलम १८६६ व १८७५ च्या या अधिनियमांवरून घेतल्याचे नमूद केले. त्याच निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, अशीही त्यांची मागणी होती.

भारतीय संविधानातील कायद्याच्या समान संरक्षणाचे तत्त्व (अनुच्छेद १४) चौदाव्या दुरुस्तीशी नाते सांगते. अनुच्छेद १५(२) व १७ यांनी मात्र दुकाने, विहिरी, तलाव व अस्पृश्यता यांबाबत खाजगी व्यक्तींनाही बांधून घेतले. १८८३ च्या निर्णयाने अमेरिकेत उघडी पडलेली उणीव येथे संविधानातच भरून निघाली. जमिनीसंबंधीची मागणी मात्र संविधानात आली नाही. अमेरिकेत १९६४ व १९६५ च्या अधिनियमांनी कायदेशीर समता पुन्हा प्रस्थापित झाली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तेथील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. कायद्याने दिलेली समता जमीन, पत व संरक्षण यांवाचून किती काळ टिकते, हा या कालखंडाने उपस्थित केलेला प्रश्न दोन्ही देशांत सामाजिक न्यायाच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आहे.