खडकांची पकड

दौलताबादच्या किल्ल्याचा तासून काढलेला काळा कडा पाहिला म्हणजे खडक हे स्थैर्याचेच दुसरे नाव होय, असे कोणासही वाटावे. असाच लाव्हारसाचा काळा खडक अरबी समुद्राच्या तळाशीही आहे. आणि त्याच्या स्थैर्याची किंमत मुंबईने एकदा मोजलेली आहे.

मकराणच्या किनाऱ्यालगत हा सागरतळ आशिया खंडाखाली वर्षाकाठी २ ते ४ सेंटीमीटर शिरू पाहतो. घर्षणामुळे दोन्हींकडचे खडक एकमेकांस धरून बसतात. मागचा रेटा मात्र थांबत नाही. ओढलेल्या धनुष्याप्रमाणे ताण साचत जातो आणि तो घर्षणास भारी झाला, की अनेक वर्षांची वाटचाल क्षणार्धात उरकली जाते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे तेथे हेच घडले. तळ उचलला गेला, समुद्र खवळला आणि त्याच सकाळी मुंबईस सुमारे २ मीटर उंचीची लाट येऊन तिने माणसे ओढून नेली.

घर्षण सर्वत्र सारखे नसते. पाण्याने भिजलेल्या, मऊ गाळाच्या थरांवरून तळ निमूटपणेही सरकू शकतो. मग ताण साचत नाही. १९४५ साली मकराणचा पूर्वभाग तेवढा हलला. पश्चिमभाग अद्याप स्तब्ध आहे. तो हळूहळू सरकत आहे की घट्ट अडकून बसला आहे, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. कोकणकिनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मात्र पहिलाच पक्ष खरा मानून निश्चिंत राहू नये.