कपाशीचा शेंडा : वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीतील भेद

व्यापारी लागवडीसाठीचे जगातील पहिले संकरित कापसाचे वाण सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात तयार झाले. डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेले हे ‘संकर-४’ वाण १९७० मध्ये लागवडीस आले. जोमदार वाढ हा संकराचा गुण मानला जातो. परंतु कपाशीत अधिक वाढ म्हणजे अधिक कापूस नव्हे. याचे कारण वनस्पतींच्या वाढीच्या रीतीत आहे.

वासरू जन्मते तेव्हा त्याचे सर्व अवयव तयार असतात. पुढे तेच सर्वांगाने मोठे होतात. लांब हाडांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेचे हाडात रूपांतर पूर्ण झाले की उंची थांबते. त्यानंतरचे पेशीविभाजन मुख्यतः झीज भरून काढण्यापुरते असते. (अनेक मासे मात्र आयुष्यभर थोडेथोडे वाढत राहतात.)

बीजात याउलट मूळ व खोड यांचे अंकुर आणि बीजपत्रे एवढेच असते. फांद्या, फुले, फळे नंतर घडतात, आणि हे घडणे झाड जिवंत असेपर्यंत चालते. विभाजनक्षम पेशी, म्हणजेच विभाजी ऊती, प्रामुख्याने मुळांच्या व फांद्यांच्या टोकांशी असतात. नव्या पेशी पाणी शोषून लांबतात व शेंडा पुढे सरकतो. म्हणूनच आंब्याच्या बुंध्यात ठोकलेला खिळा झाड कितीही वाढले तरी त्याच उंचीवर राहतो. आपल्या माडाला तर शेंड्याचा एकच कोंब असतो. गेंड्या भुंग्याने तो पोखरून मारला की माड गेलाच.

कपाशी मुळात बहुवर्षायू आहे. आपण तिला एका हंगामात बसवतो. एकाच झाडावर पाते, फूल आणि बोंड एकत्र दिसतात, तरी शेंडा वाढतच असतो. नत्र व पाणी जास्त झाले की झाड पालेदार होते, पाते गळतात. त्यावर शेंडा खुडण्याचा जुना उपाय आहे : वरची वाढ थांबते आणि अन्नरस बोंडांकडे वळतो. वासराची वाढ अशी बोटांनी खुडून वळवता येत नाही.

त्या बोंडातील प्रत्येक तंतू ही बीजाच्या सालीवरील एकच पेशी असते. फूल उमलते त्या सुमारास ती लांबू लागते आणि साधारण तीन आठवड्यांत, विभाजन न होता, सुमारे २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत पोहोचते.