यीस्टमधील आम्ल फॉस्फटेजची जनुके : एका उसन्या प्रतिमानाचा इतिहास

फॉस्फेटवाचून कोणतीही पेशी जगू शकत नाही. कवकांच्या भोवताली मात्र ते पुष्कळदा सेंद्रिय संयुगांत अडकलेले असते आणि ही संयुगे सहसा पेशीत शिरत नाहीत. म्हणून कवके आम्ल फॉस्फटेज हे विकर पेशीबाहेर स्रवतात, फॉस्फेट सुटे करतात आणि मग आत घेतात. माध्यमात फॉस्फेट मुबलक असेल तर यांपैकी काही विकरांची निर्मिती थांबते. ते सरत आले की पुन्हा सुरू होते. पेशीला हे कसे उमगते, या प्रश्नाच्या शोधाचा मागोवा प्रस्तुत लेखात मुख्यतः सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या संदर्भात घेतला आहे.

१९६१ मध्ये जेकब आणि मोनो यांनी जीवाणूंसाठी ओपेरॉनचे प्रतिमान मांडले. त्यानंतरच्या दोन दशकांत कवकांकडे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर तोच चष्मा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ॲस्परजिलस निड्युलन्समधील फॉस्फटेजांचे आनुवंशिक विश्लेषण डॉर्न यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूरोस्पोरावर इशिकावा यांच्यासमवेत काम केलेले अकिओ तोहे पुढे ओसाका विद्यापीठात यासुजी ओशिमा यांच्या गटात यीस्टकडे वळले. या गटाचा १९७३ चा शोधनिबंध हाच या क्षेत्राचा खरा प्रारंभ मानावा लागेल.

त्यांची पद्धत साधी होती. यीस्टमध्ये दोन प्रकारची आम्ल फॉस्फटेजे असतात : एक सतत तयार होणारे, दुसरे फॉस्फेटने दबणारे. पहिले गमावलेला वाण हाती घेतला की दुसऱ्याचे वर्तन निर्वेधपणे पाहता येते. थाळीवरील वसाहतींवर नॅफ्थिल फॉस्फेट व डायझो रंगद्रव्य यांचे मिश्रण घातले की विकर असलेली वसाहत लाल होते, नसलेली पांढरी राहते. फॉस्फेट भरपूर असूनही लाल होणारी किंवा फॉस्फेट नसूनही पांढरी राहणारी वसाहत म्हणजे बिघडलेले नियमन. अशा वसाहती वेचून पीएचओ मालिकेतील जनुकांची ओळख पटत गेली : विकराचे मुख्य जनुक पीएचओ ५, ते चालू करणारी पीएचओ २ व पीएचओ ४, आणि त्यांना आवर घालणारे पीएचओ ८०. महागड्या उपकरणावाचून एवढे साधले, हे आपल्यासारख्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील अध्यापकांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे.

अडचण पीएचओ ८२ ची होती. या उत्परिवर्तनामुळे विकर सतत तयार होई. शिवाय परिणाम त्याच गुणसूत्रावरील शेजारच्या पीएचओ ४ पुरताच दिसे. ही तर ऑपरेटरची पाठ्यपुस्तकी लक्षणे! साहजिकच पीएचओ ८२ हा पीएचओ ४ चा ऑपरेटर ठरला. गॅलॅक्टोज प्रणालीत डग्लस व हॉथॉर्न यांनी १९६६ मध्ये असाच तर्क केला होता. परंतु ओशिमांच्या गटानेच १९८१ मध्ये सूक्ष्म नकाशा काढला, तेव्हा पीएचओ ८२ ची स्थाने पीएचओ ४ च्या आतच आढळली. वेगळा ऑपरेटर नव्हताच. उत्परिवर्तन खुद्द प्रथिनात होते आणि ते पीएचओ ८० च्या पकडीतून निसटत होते. स्वतःच्या प्रतिमानाविरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला, याचे मोल प्रस्तुत लेखकास अधिक वाटते.

पकड कोणत्या प्रकारची, हे १९९४ मध्ये काफमन, ओ'शे व सहकाऱ्यांनी दाखविले. पीएचओ ८० हे सायक्लिन असून पीएचओ ८५ या कायनेजच्या साहाय्याने ते पीएचओ ४ वर फॉस्फेट चढविते. असे प्रथिन केंद्रकात टिकत नाही.

दरम्यान म्युनिकमध्ये वोल्फ्राम हॉर्त्स यांच्या गटाने १९८६ मध्ये निराळीच बाजू उजेडात आणली होती. फॉस्फेट असताना पीएचओ ५ च्या प्रवर्तकावर न्यूक्लिओसोम ठरावीक जागी बसलेले असतात; फॉस्फेट संपताच त्यांतील चार हटतात. १९८८ मध्ये हान व ग्रुनस्टाइन यांनी हिस्टोनचा पुरवठा तोडून न्यूक्लिओसोम घटविले, तेव्हा माध्यमात फॉस्फेट असूनही पीएचओ ५ जागे झाले. जीवाणूंत न्यूक्लिओसोम नसतात. त्यामुळे नियमनाचा हा थर ओपेरॉनच्या चौकटीत कोठेच नव्हता.