आढ्यवात : पायाचे दुखणे आणि हृदय

अठराव्या शतकातील इंग्रजी पत्रे आणि कादंबऱ्या वाचताना ‘गाऊट’ हा शब्द आपल्याला वारंवार अडवतो. त्याचे भाषांतर ‘संधिवात’ असे करून आपण पुढे सरकतो आणि निम्मा अर्थ गमावतो. संधिवात कोणालाही होई. गाऊट मात्र मद्य, मांस आणि जहागिरी यांच्या वाटेने येणारा, काहीसा मिरवण्याचा आजार होता. आपल्याकडे चरकसंहितेत वातरक्ताला ‘आढ्यवात’ असेही नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. (वातरक्त आणि गाऊट तंतोतंत एक नव्हेत, हे मान्य, पण नामकरणामागची दृष्टी तीच.)

होरेस वॉलपोलसारखा सुबुद्ध लेखकही असे मानी की गाऊट इतर रोगांना दूर ठेवतो. दुखणे पायात आहे तोवर माणूस सुरक्षित. ते पाय सोडून पोटाकडे वा हृदयाकडे ‘वळले’ की मृत्यू. जेम्स गिलरेच्या १७९९ च्या व्यंगचित्रात सुजलेल्या पायाला एक काळे पिशाच्च कडाडून चावते आहे. हृदय त्या चित्रात कोठेच नाही.

या समजुतीला आपण चटकन हसतो. परंतु तिच्या तळाशी एक निरीक्षण असावे असे आम्हांला वाटते : गाऊट असलेली माणसे पुढे छातीच्या विकाराने जात होती. विल्यम हेबर्डनने हृदयशूळाचे वर्णन १७६८ मध्ये व्याख्यानातून मांडले, ते १७७२ मध्ये छापले गेले. तोवर अशा छातीदुखीला स्थिर नाव नव्हते. ती गाऊटच्या खात्यावर मांडणे सोपे होते.

पुढे रसायनशास्त्राने पिशाच्चाचे क्षारात रूपांतर केले. शीलेला १७७६ मध्ये मूतखड्यात युरिक आम्ल सापडले, वोलॅस्टनला १७९७ मध्ये गाऊटच्या गाठींत त्याचे क्षार, आणि गॅरडने १८४८ मध्ये रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले दाखवले.

हृदयाचा धागा मात्र वेगळ्याच हाताने उचलला. पाटण्याचा शेख दीन महंमद साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. १७९४ चे त्याचे प्रवासवर्णन हे भारतीयाने इंग्रजीत लिहिलेले पहिले पुस्तक मानले जाते. त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद (१८४९–१८८४) आपल्या अभ्यासक्रमांत कधी भेटत नाही. लंडनच्या गायज् रुग्णालयात नाडीचा आलेख काढणारे यंत्र त्याने सुधारले आणि मूत्रपिंड बिघडण्यापूर्वीच रक्तदाब वाढलेला असू शकतो हे दाखवून दिले. असा ताण गाऊट असलेल्या कुटुंबांतील माणसांत पुष्कळदा आढळतो, अशीही नोंद त्याने केली. पाय आणि हृदय यांच्यामध्ये रक्तवाहिन्या आहेत, हे त्या आलेखांतून दिसू लागले. पस्तिसाव्या वर्षी विषमज्वराने तो गेला. आजोबांचे पुस्तक उरले, नातवाचे काम बराच काळ विस्मरणात राहिले. वाङ्मयेतिहास असा अन्याय करतो तेव्हा आपण निदान तक्रार तरी करतो.

१९८८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीने गाऊट असलेल्या पुरुषांत हृदयधमनीविकाराचा धोका सुमारे ६० टक्के अधिक असल्याचे नोंदवले. मग युरिक आम्ल गुन्हेगार की केवळ साक्षीदार? गाऊट नसलेल्या हृदयरुग्णांना ते आम्ल घटवणारे ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिलेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत (२०२२) काही लाभ दिसला नाही. उलट, गाऊटचे जुने औषध कोल्चिसिन, जे युनानी वैद्यकाला परिचित अशा सुरंजानाच्या कुळातील वनस्पतीतून येते, त्याच्या अल्प मात्रेला अमेरिकेत २०२३ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मान्यता मिळाली. ते युरिक आम्ल घटवत नाही, दाह शमवते. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत मात्र हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच ते देऊन फायदा आढळला नाही. वाद मिटलेला नाही.

२०२२ च्याच एका ब्रिटिश अभ्यासात गाऊटचा भडका उडाल्यानंतरच्या चार महिन्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले. वॉलपोलच्या पत्रांना मराठीत टीपा देणाऱ्याने ‘हृदयाकडे वळलेला गाऊट’ या शब्दांपुढे ‘तत्कालीन भ्रम’ एवढेच लिहून थांबू नये.