घासाचा वाफा

वसुबारसेच्या संध्याकाळी शिरूर तालुक्यातल्या आमच्या घरी गाय-वासरू अंगणात आणीत. आई ओवाळी, आणि मग आजोबा घासाची हिरवीगार पेंढी गाईपुढे टाकून म्हणत, "नैवेद्य हा!" त्या पेंढीमागे केवढा इतिहास आहे, हे मला फार उशिरा उमगले.

शिरूर आणि दौंड हा अवर्षणाचा मुलूख. येथे ज्वारी-बाजरी पेरावी, दाणा माणसाने खावा आणि कडबा-सरमाड जनावराने, ही पूर्वापार वाटणी. ती सोयीची खरी. पण पाऊस चुकला की दाणा व वैरण एकाच दिवशी जाते. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाच्या कामावर माणसांना मजुरी तरी मिळाली. बैलाला मजुरी कोण देणार?

गंमत अशी की, बारमाही हिरवा चारा या भागाला अगदीच अनोळखी नव्हता. शिरूरला इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होती, आणि पुण्याच्या आसपास विहिरीच्या पाण्यावर घोड्यांसाठी लसूणघास करीत. लसणीशी त्याचे काही नाते नाही. 'ल्युसर्न' हे नाव आपल्या जिभेवर असे वळले असावे. लोक त्याला विलायती गवत किंवा घोडघासही म्हणत. घोड्याला मळ्यातला वाफा आणि बैलाला उरलेला कडबा, असा तो न्याय होता!

1972 च्या दुष्काळात आमची बैलजोडी बाजारात गेली. आजोबा रिकामे कासरे खांद्यावर टाकून परतले आणि त्या रात्री जेवले नाहीत. पुढे विहिरीला पाणी आले, तेव्हा त्यांनी दोन गुंठे घास लावला आणि पाटाच्या कडेने हत्तीगवताची ठोंबे. "एवढ्या पाण्यावर कांदा झाला असता," असे भावकी म्हणाली. आजोबा म्हणाले, "कांदा एकदा विकाल, हा महिन्याला कापीन."

आणि खरेच, पहिली कापणी दोनएक महिन्यांनी झाली. मग महिना भरतो न भरतो तोच विळा पुन्हा लागे. तीन वर्षे एकच वाफा! घासाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. म्हणून वाफा मोडल्यावर तेथली ज्वारी काळीभोर उठली. पाटाचे झिरपते पाणी हत्तीगवताने पिऊन टाकले, आणि बांधही ढासळेना. नुसता कोवळा घास खाऊन गाईचे पोट फुगते, म्हणून आजी त्यात कडब्याची कुट्टी मिसळी. कडबा हद्दपार झाला नाही. त्याला जोड मिळाली. शेण पुन्हा शेतात गेले.

दौंडच्या वेशीवर उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी 1967 साली 'बायफ' संस्था उभी केली. संकरित गाई गोठ्यात आल्या, तसा हिरवा चारा घोड्यांचा न राहता दुधाचा झाला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने बाजरी व हत्तीगवत यांच्या संकरातून 'यशवंत' आणि 'जयवंत' हे वाण दिले.

तरी ज्याच्या विहिरीत पाणी नाही त्याला हा उपदेश पोकळच वाटेल, हे मी जाणतो. पण पाणी असूनही सगळे रान उसाखाली घालून वैरण विकत आणणारे पाहिले, की मला ते रिकामे कासरे आठवतात. वाचकहो, यंदा वसुबारसेला गाईला ओवाळाल, तेव्हा तिच्या वाट्याचे दोन गुंठे कोठे आहेत, हेही एकदा पाहा.