संकेतस्थळांवरील ध्वनी आणि चित्रफिती : मुक्त रूपांतरसाधनांचा इतिहास

हस्तलिखितांच्या अभ्यासकास लेखकूचा विचार टाळता येत नाही. कोणती प्रत कोणी, केव्हा व कशावरून उतरली हे ठरल्याखेरीज पाठाविषयी बोलणे व्यर्थ असते. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी आपण अद्याप बाळगत नाही. ग्रियर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणाच्या निमित्ताने १९१३ ते १९२९ ह्या काळात ज्या तबकड्या मुद्रित झाल्या, त्या आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऐकावयास मिळतात. उधळ्या पुत्राची कथा सांगणारा तो आवाज ऐकताना आपण तबकडी ऐकत नसून तिच्या नकलेची नक्कल ऐकत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. असल्या नकला आज बहुधा ज्या विनामूल्य आज्ञाधारक साधनांनी होतात, त्यांचा इतिहास भाषेच्या अभ्यासकानेही जाणून घ्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आज्ञाधारक म्हणण्याचे कारण असे की, त्यांना खिडक्या वा बटणे नसतात. पडद्यावर एक ओळ लिहून आज्ञा द्यावयाची असते.

ह्यांतील जुने साधन सॉक्स. लान्स नॉर्सकॉग ह्यांनी ते १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे काम ध्वनीपुरते मर्यादित होते. खरा पेच उत्पन्न झाला तो एमपी३ मुळे. ह्या पद्धतीचे तत्त्व असे की, मोठ्या आवाजाच्या छायेत कानास जे ऐकूच येत नाही ते टाकून द्यावे व उरलेले जपावे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्ल्हाइन्ट्स ब्रान्डेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सिद्ध केली. तिची परीक्षा पाहण्यास त्यांनी सुझान व्हेगा ह्यांचे 'टॉम्स डायनर' हे वाद्यांवाचूनचे गीत घेतले होते. वाद्यमेळ सुखरूप पार पडे, पण एकटा मानवी कंठ बिघडे. म्हणून त्या गीतावर फार काळ काम करावे लागले. आम्हां ध्वनिविचाराच्या लोकांना ह्यात नवल वाटू नये.

पद्धतीचा आदर्श आज्ञासंच प्रमाणसंस्थेच्या द्वारे उपलब्ध होता, परंतु पद्धतीवर पेटंटे होती. १९९८ मध्ये फ्राउनहोफरने विनामूल्य साधने रचणाऱ्यांना शुल्काची आठवण देणारी पत्रे धाडली. ह्या पत्रांची दोन उत्तरे झाली. पहिले उत्तर लेम. माइक चेंग ह्यांनी १९९८ मध्येच आदर्श आज्ञासंचावर केवळ दुरुस्त्यांचे ठिगळ म्हणून ते सुरू केले आणि त्याच्या नावाचा विस्तार 'लेम हे एमपी३ चे संकेतक नव्हे' असा ठेवला. जे आहे ते नाकारून स्वतःचे नाव सांगणारा हा समास व्याकरणकारांच्या संग्रहास योग्य होय! पुढे २००० पर्यंत मूळ आज्ञासंचाचा अंशही त्यात उरला नाही. दुसरे उत्तर क्रिस्टोफर माँटगोमेरी ह्यांचे. त्यांनी पेटंटमुक्त अशी निराळीच पद्धत रचली. ती व्हॉर्बिस होय. तिची पहिली पूर्ण आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली. गुणाने ती उणी नव्हती, तथापि बाजार एमपी३ चाच राहिला. एमपी३ चा परवाना-व्यवहार एप्रिल २०१७ मध्ये संपुष्टात आला.

दरम्यान फ्रान्समधील फाब्रिस बेलार ह्यांनी २००० मध्ये एफएफएमपेग आरंभिले होते. ध्वनी व चित्र ह्या दोहोंच्या बहुतेक सर्व पद्धती एकाच आज्ञेच्या कक्षेत आणणे हा त्याचा विशेष. वेष्टन वेगळे आणि आतील माल वेगळा, हा भेद सामान्य वापरणाऱ्यास प्रथम ह्याच साधनाने शिकविला असे म्हणावयास हरकत नाही. एमपी४ हे वेष्टन. आतील चित्र व ध्वनी कोणत्याही मान्य पद्धतीचे असू शकतात. माल न उघडता केवळ वेष्टन बदलता येते, व तेव्हा तिळमात्र हानी होत नाही. ह्या वेष्टनाची अनुक्रमणिका मुद्रण संपल्यावरच तयार होते, म्हणून ती ग्रंथाच्या शेवटी पडते. ती उचलून आरंभी ठेवली नाही, तर संकेतस्थळावरील चित्रफीत सुरू होण्यास विलंब लागू शकतो. एवढ्याच कामासाठी पूर्वी एक स्वतंत्र छोटे साधन होते. नंतर तो आज्ञेतील एक शब्द झाला.

चित्रफितींचा तंटा अधिक कडू ठरला. २००७ मध्ये ऑपेरा कंपनीने संकेतस्थळाच्या भाषेतच चित्रफितीसाठी एक खूण असावी अशी सूचना केली. मसुद्यात थिओरा ह्या मुक्त पद्धतीची शिफारस होती. ॲपल व नोकिया ह्यांनी हरकत घेतली आणि डिसेंबर २००७ मध्ये ती शिफारस गळाली. २००९ मध्ये संपादक इयन हिक्सन ह्यांनी समान पद्धतीचा आग्रहच सोडला. फायरफॉक्स थिओरा जाणे, सफारी एच.२६४ जाणे; मे २०१० मध्ये गूगलने वेबएम आणून तिसरी वाट काढली. ह्याचा भार पडला तो लहान संस्थांवर : एकच व्याख्यान दोनदा-तीनदा रूपांतरित करून ठेवावे लागे, आणि ते शक्य झाले एफएफएमपेगसारख्या साधनांमुळेच. कोणता आवाज कोणत्या रूपात ऐकू यावा, हे ह्या सर्व काळात ध्वनिशास्त्राने क्वचितच आणि पेटंटांनी वारंवार ठरविले, असे माझे मत आहे.

आता आपल्या कामाचा मुद्दा. मराठीत तालव्य व दंततालव्य असे दोन 'च' आहेत. 'चार गुरे' आणि 'गुरे चार' ह्यांतील 'चार' लिपीत एकच, कानास दोन. लिपी हा भेद दाखवीत नाही, म्हणून ध्वनिमुद्रण हाच त्याचा साक्षीदार. दंततालव्य उच्चारातील घर्षणाचा बराच अंश सेकंदाला ४,००० कंपनांच्या वर असतो. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका संस्थेत बोलीसंशोधनाच्या फितींचे रूपांतर करताना 'बोलणेच तर आहे' ह्या विचाराने सेकंदाला ८,००० नमुने घेतले गेले. एवढ्या नमुन्यांत ४,००० च्या वरचे काहीच राहू शकत नाही. पुढे फितींना बुरशी लागली व त्या टाकून देण्यात आल्या. त्यांतील वृद्ध निवेदकांचे 'च' आता नक्की कोणते, हे सांगणे अनेक ठिकाणी अशक्य झाले आहे. त्या मुद्रणांवर आधारलेला माझा एक निष्कर्ष मला मागे घ्यावा लागला.

दोष साधनाचा नव्हता; आज्ञा देणाराचा होता. आणि आज्ञा काय दिली होती हेही कोठे नोंदलेले नव्हते. वस्तुतः ह्या साधनांचा मोठा गुण हा की, आज्ञा म्हणजे एक लिहिलेली ओळ असते. ती जशीच्या तशी टिपून ठेवता येते. बटण दाबल्याची खूण क्वचितच मागे उरते. मात्र ओळीबरोबर साधनाची आवृत्तीही टिपली पाहिजे. २०११ मध्ये एफएफएमपेगच्या कार्यकर्त्यांत फूट पडून लिबाव्ह हा वेगळा संघ निघाला, आणि डेबियन-उबुंटूच्या वापरकर्त्यांना काही काळ जुन्या नावाने दुसऱ्या घराण्याचे साधन मिळत होते. डेबियन २०१५ मध्ये मूळ घराण्याकडे परतले. तसेच एफएफएमपेगचे स्वतःचे एएसी-संकेतक फेब्रुवारी २०१६ मधील ३.० ह्या आवृत्तीपर्यंत 'प्रायोगिक' गणले जाई व त्यासाठी आज्ञेत वेगळी अनुमती लिहावी लागे. सारांश, तीच ओळ निरनिराळ्या वर्षी निरनिराळी नक्कल देऊ शकते.

आमच्या विभागात आता मूळ मुद्रण फ्लॅक ह्या हानिरहित पद्धतीत ठेवले जाते, संकेतस्थळासाठी ओपस व एमपी३ अशा दोन नकला होतात, आणि प्रत्येक नकलेशेजारी आज्ञा, आवृत्ती व दिनांक ह्यांचा एक साधा मजकूर असतो. उपरोक्त संस्थेतील बुरशी लागलेल्या फितींच्या नकलाही आम्ही मागवून घेतल्या आहेत. त्यांच्याशेजारच्या मजकुरात आज्ञेची जागा कोरी आहे.