शीर्षक स्टुडिओचे, मजकूर लूटनचा

१९४२ साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने स्वस्त भयपट काढण्याचा एक विभाग व्हॅल लूटनकडे सोपवला. अटी तीन होत्या. प्रत्येक चित्रपटाचा खर्च १,५०,००० डॉलरच्या आत राहिला पाहिजे, लांबी ७५ मिनिटांपेक्षा जास्त नको आणि नाव स्टुडिओ ठरवील. ऑर्सन वेल्सच्या महागड्या चित्रपटांत हात पोळून घेतलेल्या स्टुडिओला आता चटकन पैसे परत देणारा माल हवा होता. पहिले नाव आले 'कॅट पीपल'. त्या नावाखाली कोणती गोष्ट असावी, हे मात्र कोणी सांगितले नाही. लूटनने आपली जागा तिथेच शोधली.

त्याचे मूळ नाव व्लादिमिर लेव्हेंटन. जन्म १९०४चा, काळ्या समुद्राकाठच्या याल्टाचा. लहानपणीच तो आईबरोबर अमेरिकेत आला. पोटासाठी त्याने भराभर कादंबऱ्या लिहिल्या आणि पुढे डेव्हिड सेल्झनिककडे कथाविभाग सांभाळला. दुसऱ्यांची पुस्तके वाचणे, त्यांतले चित्रपटाजोगे काय ते हेरणे, संहिता दुरुस्त करणे हे त्याचे रोजचे काम. निर्माता झाल्यावरही ही सवय सुटली नाही. आपल्या भयपटांच्या संहितांवर शेवटचा हात तोच फिरवी. पडद्यावर लेखक म्हणून त्याचे श्रेय दोनदाच आले, तेही 'कार्लोस कीथ' या टोपणनावाने.

'कॅट पीपल'मध्ये त्याने राक्षस आणला नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणारी इरेना ही सर्बियन तरुणी आणली. मन पेटले की आपण बिबट्या होऊ, ही तिच्या गावची जुनी भीती तिने बरोबर आणली आहे. लग्नाच्या मेजवानीत एक अनोळखी स्त्री तिला सर्बियन भाषेत 'बहीण' अशी हाक मारते आणि इरेना हादरते. मागे सोडलेली भाषा परक्या शहरात अशी अचानक समोर उभी राहते, तेव्हा काय होते हे स्थलांतरिताच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

बाकी काम अंधाराने केले. अंधाराला भाडे पडत नाही. जिना वेल्सच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'चा, उरलेला. रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने एक मुलगी चालते, मागून येणारी पावले थांबतात आणि कानाशी फिस्कारल्यासारखा आवाज होतो. पाहावे तर बस येऊन उभी राहिलेली. लूटनच्या मंडळींत अशा दचक्याला पुढे 'बस' असेच नाव पडले.

दुसरे शीर्षक आले 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'. १९४३च्या या चित्रपटात लूटनने शार्लट ब्रॉन्टेची 'जेन आयर' कॅरिबियन बेटावर नेली. मराठीत भाषांतर आणि रूपांतर हे दोन शब्द आपण वेगळे ठेवतो. हे रूपांतर होते आणि नुसत्या स्थलबदलाचे नव्हते. मळेवाल्याच्या वाड्यात गुलामांच्या जहाजावरची संत सेबास्टियनची मूर्ती उभी आहे. बेटावरचे लोक मूल जन्मले की रडतात आणि माणूस मेला की आनंद करतात, कारण गुलामगिरीची आठवण अजून निवलेली नाही. ब्रॉन्टेच्या कादंबरीत दूर वेस्ट इंडिजमध्ये राहिलेला भूतकाळ इथे कथेच्या अंगणात येतो. याच कादंबरीतल्या पहिल्या बायकोला जीन ऱ्हिसने 'वाइड सारगॅसो सी'मध्ये स्वतःचा आवाज दिला तो १९६६ साली. लूटनच्या चित्रपटात ती बायको तोंडातून शब्द काढत नाही. बेट त्याने उघडे केले. तिचे मौन मात्र तसेच राहिले.

१९४४मध्ये 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' हे नाव मिळाले तेव्हा त्याने एकाकी मुलीची आणि तिच्या काल्पनिक मैत्रिणीची गोष्ट रचली. 'एमी अँड हर फ्रेंड' हे त्याला हवे असलेले नाव स्टुडिओने दिले नाही.

१९४६पर्यंत त्याने असे नऊ भयपट काढले. यावरून टंचाईच कलेला धार लावते असा निष्कर्ष सहज निघेल, पण तो अपुरा आहे. दिग्दर्शक जाक तुर्नर, लेखक डेविट बोडीन, छायाचित्रकार निकोलस मुसुराका ही माणसे त्याच्याकडे पुन्हा पुन्हा काम करत. मार्क रॉबसन आणि रॉबर्ट वाइझ या संकलकांना दिग्दर्शनाची पहिली संधी त्यानेच दिली. चित्रपट लहान, म्हणून वरिष्ठांची ढवळाढवळही कमी. शीर्षके लादणारा स्टुडिओप्रमुख चार्ल्स कर्नर याचा एका अर्थी त्याला आसराच होता. १९४६मध्ये कर्नर वारला, लूटन बाहेर पडला. नंतर तीन मोठ्या स्टुडिओंत तीन चित्रपट झाले, पण ती मंडळी आणि ती मोकळीक पुन्हा जमली नाही. हृदयविकाराने खचलेला लूटन १९५१च्या मार्चमध्ये, ४६व्या वर्षी गेला.

त्याचा शेवटचा चित्रपट 'अपाची ड्रम्स' हा वेस्टर्न. त्याच्या अखेरीस गावकरी अंधाऱ्या चर्चमध्ये कोंडलेले आहेत, बाहेर ढोल वाजत आहेत आणि शत्रू दिसत नाही.